नोकरी कायम झाली नाही तर: खान्देशातील प्राध्यापकांसाठी अपिलाची वाट

सहायक प्राध्यापक म्हणून निवड झाली, विद्यापीठाची मान्यता आली, पगार सुरू झाला, तरी नोकरी लगेच पक्की होत नाही. आधी परिविक्षेचा काळ, म्हणजे सगळे ज्याला प्रोबेशन म्हणतात तो, पार पाडावा लागतो. त्याच्या शेवटी एक तर कायम केल्याचा आदेश येतो, नाही तर मुदतवाढ, नाही तर सेवा संपुष्टात आणल्याचे पत्र. कधी कधी काहीच येत नाही. यातल्या प्रत्येक वेळी काय करायचे ते इथे क्रमाने दिले आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: ज्यांची बाजू चांगली असते अशांची प्रकरणेही बुडतात, आणि बुडतात ती मुख्यतः दोन कारणांनी. चुकीच्या दारात वेळ जातो, आणि महत्त्वाच्या कागदावर पोच नसते.

पायरी १: तुम्हाला कोणता कायदा लागू आहे ते ठरवा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथल्या खासगी संस्थांच्या महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रशाळांमधल्या शिक्षकांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू होतो. अपिलाचा हक्क त्याच्या कलम ८१ मध्ये आहे, आणि अपील ऐकते कलम ८० खालचे विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण.

पण एकाच गावात, कधी एकाच आवारात, वेगवेगळे कायदे चालतात. कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवत असाल तर तुम्हाला १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा लागू होतो आणि अपील शाळा न्यायाधिकरणात जाते. वरिष्ठ आणि कनिष्ठ विभागांचा प्राचार्य एकच असतो, लेटरहेडही एकच असते, म्हणून हा घोळ फार होतो. नियुक्ती आदेशावर पद कोणते लिहिले आहे आणि मान्यता विद्यापीठाची आहे की शिक्षण खात्याची, एवढे पाहिले की उत्तर मिळते.

शासकीय महाविद्यालयातले अध्यापक राज्य सरकारचे कर्मचारी असतात. कलम ८१ त्यांच्यासाठी नाही, त्यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायचे. धुळ्याचे कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येते, त्याचा कायदा वेगळा. वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्यांचाही वेगळा. आणि बागलाण-मालेगावकडचा भाग बोलीने खान्देशाशी जोडलेला असला तरी नाशिक जिल्ह्यात येतो. तिथे विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि उच्च न्यायालय मुंबईचे. आपल्या तीन जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ.

तासिका तत्त्वावर किंवा स्थानिक निवड समितीमार्फत एका वर्षापुरती नेमणूक असेल तर ती परिविक्षा नव्हे. मुदत संपली की ती नेमणूक आपोआप संपते आणि "कायम का केले नाही" या प्रश्नाला तिथे फारसा आधार राहत नाही. आपली निवड विद्यापीठाच्या प्रतिनिधींसह बसलेल्या पूर्ण निवड समितीने, जाहिरात आणि बिंदुनामावलीप्रमाणे (आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमाप्रमाणे) मंजूर पदावर झाली होती, हे दाखवणारे कागद म्हणूनच सर्वांत मोलाचे.

पायरी २: हातात आलेला कागद नेमका कोणता आहे ते ओळखा

सेवासमाप्ती, बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती असेल तर न्यायाधिकरण.

परिविक्षेला मुदतवाढ दिली, वेतननिश्चिती अडवली, वेतनवाढ रोखली, कॅसखालची (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीमखालची) पदोन्नती नाकारली, वरिष्ठता यादीत खाली ढकलले, तर नोकरी संपलेली नसते. ही प्रकरणे कलम ७९ खालच्या विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जातात. जे न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही, ते ऐकण्यासाठीच ही समिती आहे. शक्यतो ३ महिन्यांत तिने तक्रार निकाली काढावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती आपला अहवाल व्यवस्थापन परिषदेकडे देते आणि परिषदेचा निर्णय अंतिम असतो.

जात वैधता नाकारली गेल्यामुळे सेवा संपवली असेल, तर वाट पूर्ण वेगळी. टोकरे कोळी, महादेव कोळी, ठाकूर अशा दाव्यांमुळे खान्देशात हा प्रश्न नेहमीचा आहे. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ नुसार पडताळणी समितीच्या निर्णयाला आव्हान फक्त उच्च न्यायालयात देता येते. न्यायाधिकरण तो निर्णय तपासू शकत नाही. समितीचा आदेश हातात येताच खंडपीठातल्या वकिलाकडे जा, महाविद्यालयाच्या पत्राची वाट पाहू नका.

आणि काहीच लेखी न देता हजेरीपत्रकावर सही करू दिली नाही, तर? तीही सेवासमाप्तीच असते, फक्त ती सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. त्याच दिवशी प्राचार्यांना पत्र लिहा: "आज अमुक वाजता मी कामावर हजर झालो असता मला सही करू दिली नाही. मी काम करण्यास तयार आहे." पत्र आवक विभागात द्या, नाकारले तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवरही टाका. हे पत्र नसेल तर पुढे संस्था सांगते की तुम्हीच काम सोडून गेलात.

पायरी ३: तीस दिवस मोजा

आदेश मिळाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील दाखल झाले पाहिजे. आदेश १२ जूनला मिळाला तर तो दिवस सोडून मोजणी होते आणि शेवटचा दिवस १२ जुलै येतो. पण स्वतःसाठी ५ जुलै हीच शेवटची तारीख धरा. वकील शोधणे, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, पानांना क्रमांक, नोंदणी विभागाने काढलेल्या त्रुटी यांत आठवडा सहज जातो. त्यात हे दिवस नेमके पावसाळ्याचे. चाळीसगावहून संभाजीनगरला जाणारा कन्नडचा घाट दरड कोसळून बंद पडू शकतो, आणि तळोदा-अक्कलकुव्याहून निघणाऱ्याचा तर येण्या-जाण्यातच दिवस मोडतो. न्यायाधिकरणाचे कामकाज सध्या कुठे आणि कोणत्या दिवशी चालते, हे विद्यापीठाच्या विधी कक्षाकडे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

ही मुदत कशाने थांबत नाही ते नीट लक्षात ठेवा. संस्थाध्यक्षांना केलेला विनंती अर्ज, कुलगुरूंना दिलेले निवेदन, कुलपतींना पाठवलेले पत्र, उच्च शिक्षण सहसंचालकांकडची तक्रार, तक्रार निवारण समितीतला अर्ज: यांपैकी कशानेही अपिलाचे घड्याळ थांबत नाही. "अध्यक्षसाहेब म्हणाले, बघतो, घाई करू नका" हे वाक्य ऐकून बरेच लोक महिना घालवतात. बोलणी जरूर करा, पण अपील दाखल करून करा. तडजोड झाली तर अपील मागे घेता येते.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो आणि पुरेसे कारण असेल तर न्यायाधिकरण अपील दाखल करून घेऊ शकते. मात्र कारण तारखांसह आणि पुराव्यासह लागते. रुग्णालयातून सुटी मिळाल्याचे कागद चालतात. "मानसिक तणावात होतो" एवढे एकच वाक्य चालत नाही.

पायरी ४: पहिल्या चार-पाच दिवसांतली कामे

आदेश घेताना सहीखाली तारीख आणि वेळ घाला. टपालाने आला तर पाकीट जपून ठेवा, त्यावरचा शिक्का हाच मिळाल्याच्या तारखेचा पुरावा असतो. पत्र नाकारू नका. योग्य पत्त्यावर पाठवलेले पत्र नाकारले तरी ते मिळाले असेच धरले जाते आणि मुदत सुरू होते ती होतेच. अनेकांनी सेवापुस्तकात गावाकडचा पत्ता दिलेला असतो, तिथे आई-वडिलांनी सही करून घेतलेले पत्रही तुम्हाला मिळालेलेच समजले जाण्याची शक्यता असते.

राजीनाम्यावर सही करू नका. "सेवासमाप्तीचा डाग लागण्यापेक्षा राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देऊ" असा प्रस्ताव येतो. राजीनामा दिला की अपिलाचा पायाच जातो. रुजू होताना कोऱ्या तारखेचा राजीनामा लिहून घेतला असेल, तर तो मागे घेत असल्याचे पत्र आजच संस्थेला द्या आणि प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना व जळगावच्या उच्च शिक्षण सहसंचालकांना पाठवा. स्वीकृतीपूर्वी मागे घेतलेल्या राजीनाम्याला अर्थ उरत नाही, पण मागे घेतल्याचा पुरावा हवा.

नोटिशीच्या बदल्यात पगाराचा धनादेश दिला तर पोचेवर "हरकत राखून स्वीकारला" असे लिहा. कपाटाची चावी, ग्रंथालयाची पुस्तके, प्रयोगशाळेची नोंदवही परत करताना यादी करून सही घ्या. साहित्य परत न केल्याचा आरोप नंतर निघतो.

मग कागद गोळा करा. जाहिरात, मुलाखतीचे पत्र, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचे मान्यतापत्र, सेवार्थ या सरकारी वेतन प्रणालीतल्या पगारपावत्या, वेळापत्रक आणि कार्यभाराचा तक्ता, विषयाचे निकाल, स्वयंमूल्यमापन अर्ज, परीक्षेच्या कामाचे आदेश, मिळालेले मेमो आणि तुम्ही दिलेली उत्तरे. जे नाही ते माहितीच्या अधिकारात मागा: १० रुपयांचे शुल्क, स्वतःच्या गोपनीय अहवालाच्या, व्यवस्थापनाच्या ठरावाच्या आणि मान्यतेच्या फाइलच्या प्रती. विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालय या दोन्हीकडे वेगळे अर्ज करा, कारण संस्थेने माहिती टाळली तरी तेच कागद तिथल्या फाइलला असतात. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणजे नेमकी अपिलाइतकीच. ज्याने उत्तराची वाट पाहिली त्याची मुदत गेली. हातात आहे त्यावर अपील दाखल करा, बाकीचे कागद पुढे अर्ज देऊन जोडा.

पायरी ५: मुद्दे शोधा

इथेच अपील जिंकले किंवा हरले जाते. "मी प्रामाणिकपणे शिकवले, विद्यार्थी माझ्यावर खूश आहेत" हे खरे असले तरी ते मुद्दा म्हणून अपुरे पडते. तुम्ही चांगले शिक्षक आहात का, हे न्यायाधिकरण सहसा स्वतः ठरवत नाही. निर्णय घेण्याची रीत कायदेशीर होती का, हे ते तपासते.

पहिला मुद्दा मुदतीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांत परिविक्षा किमान १ वर्षाची आहे आणि काम असमाधानकारक असेल तर ती जास्तीत जास्त आणखी १ वर्षाने वाढवता येते. ही वाढ पहिले वर्ष संपण्यापूर्वी स्वतंत्र आदेशाने द्यावी लागते. परिविक्षा संपल्यावर ४५ दिवसांत, काम तपासून, कायम केल्याचा आदेश देणे संस्थेवर बंधनकारक आहे. आता तुमच्या नियुक्ती आदेशातला कालावधी, मान्यतापत्रातला कालावधी आणि विद्यापीठाचे परिनियम शेजारी ठेवून वाचा. नियुक्ती आदेशात सरळ दोन वर्षे लिहिलेली असतील, तर वकिलाला ते मुद्दाम दाखवा. सेवासमाप्ती कमाल मुदत उलटून गेल्यावर झाली असेल, तर हा तुमचा सर्वांत जोरकस मुद्दा ठरू शकतो. नियमांनी कमाल मर्यादा घातली असेल आणि तिच्यापुढेही माणूस कामावर ठेवला असेल तर तो कायम झाला असे मानता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग या १९६८ च्या निकालात सांगितले. पण नियमांत कमाल मर्यादाच नसेल, तर नुसते काम करत राहिल्याने कोणी कायम होत नाही. या दोन्हींतला फरक सांगणारा निकाल मध्य प्रदेश उच्च न्यायालय विरुद्ध सत्यनारायण झावर, २००१. दोन्ही वाचल्याशिवाय "आपोआप कायम" हा शब्द अपिलात लिहू नये.

दुसरा मुद्दा कलंकाचा, म्हणजे चारित्र्यावर बसणाऱ्या ठपक्याचा. परिविक्षेतल्या माणसाला "काम समाधानकारक नाही" एवढे म्हणून, साध्या शब्दांत, चौकशीशिवाय कमी करता येते. हे कटू आहे, पण कायदा तसाच आहे. मात्र आदेशामागचे खरे कारण गैरवर्तनाचा आरोप असेल, मग तो पैशाचा असो, परीक्षेतल्या गैरप्रकाराचा असो की विद्यार्थिनीच्या तक्रारीचा, तर आरोपपत्र आणि चौकशी लागते. शमशेर सिंग (१९७४) आणि दीप्ती प्रकाश बॅनर्जी (१९९९) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इथे उपयोगी पडतात. दुसऱ्या निकालाप्रमाणे कलंक आदेशातच असावा लागतो असे नाही, आदेशात ज्या पत्राचा किंवा अहवालाचा संदर्भ आहे त्यातही तो सापडू शकतो. म्हणून आदेशाच्या वरच्या "संदर्भ" या ओळी लक्ष देऊन वाचा आणि त्या प्रत्येक पत्राची प्रत मागा.

तिसरा, अधिकाराचा. सही कोणी केली? नियुक्ती संस्थेने दिली असेल आणि कमी प्राचार्याने केले असेल, तर त्यामागे व्यवस्थापनाचा ठराव आहे का? संस्थेत दोन गट असतील आणि कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट (बदललेल्या पदाधिकाऱ्यांची नोंद करण्याचा अर्ज) धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असेल, तर ज्यांनी ठराव केला त्यांना तो अधिकार होता का, हा प्रश्न उभा राहतो. त्या कार्यालयातून नोंदींची प्रमाणित प्रत काढा. अर्थात गटबाजीत स्वतः कोणाच्या बाजूने उभे राहू नका. तुमचे अपील एका गटाचे शस्त्र झाले की ते तुमच्या हातात राहत नाही.

चौथा, न कळवलेल्या शेऱ्यांचा. असमाधानकारक कामाची एकही लेखी सूचना वर्षभरात न देता शेवटी एकदम प्रतिकूल अहवाल पुढे आला, तर ते मांडा. देव दत्त (२००८) या निकालाने गोपनीय अहवालातली नोंद संबंधिताला कळवली पाहिजे असे सांगितले आहे.

कार्यभार कमी झाला, विद्यार्थीसंख्या घटली, हे कारण दिले असेल तर ते परिविक्षेचे कारणच नाही. तो अतिरिक्त ठरण्याचा प्रश्न आहे आणि त्याची रीत वेगळी आहे. विद्यापीठाकडे गेलेला कार्यभाराचा तक्ता काढून आकडे ताडून पाहा.

आकसाचा आरोप शेवटी, आणि विचार करून. तो करायचा तर कोणी, केव्हा, कशासाठी, हे नेमके लिहावे लागते आणि त्या व्यक्तीला नावानिशी प्रतिवादी करावे लागते. मोघम आकस लिहिला की बाकीचे चांगले मुद्देही फिके पडतात.

पायरी ६: अपील लिहिणे आणि दाखल करणे

सुरुवात तारखांच्या यादीने करा. एका पानात जाहिरातीपासून आदेशापर्यंतचा प्रवास दिसला पाहिजे. नंतर हकीकत, मुद्दे, मागण्या, सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र. मुद्दे पाच-सहा पुरेत, पंचवीस नकोत.

प्रतिवादी म्हणून संस्था (तिच्या अध्यक्ष किंवा सचिवांमार्फत), प्राचार्य, कुलसचिवांमार्फत विद्यापीठ, आणि अनुदानित पद असेल तर सहसंचालक. फक्त प्राचार्यांना प्रतिवादी करणे ही नेहमीची चूक आहे. नोकरी देणारी संस्था असते, आणि तिला पक्षकार न करता मिळालेला आदेश अमलात आणताना अडतो.

मागण्या स्पष्ट लिहा: आदेश रद्द करणे, त्याच पदावर सेवासातत्यासह पुनर्स्थापना, मागील वेतन, आणि निकाल लागेपर्यंत स्थगिती. मागील वेतनासाठी "या काळात मी अन्यत्र लाभाची नोकरी करत नाही" हे वाक्य शपथेवर हवे. दीपाली गुंडू सुरवसे (२०१३) या महाराष्ट्रातल्याच शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कर्मचाऱ्याने असे म्हटल्यावर उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते. दरम्यान कुठे तासिका घेत असाल तर लपवू नका, रक्कम लिहा.

जितके प्रतिवादी तितक्या प्रती, शिवाय न्यायाधिकरणाची आणि तुमची. पानांना सलग क्रमांक घाला. अस्पष्ट झेरॉक्सबरोबर टाइप केलेली प्रत जोडा. शुल्क आणि प्रतींचा नेमका आकडा नोंदणी विभागात विचारा.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नंदुरबारच्या दुर्गम तालुक्यांतल्या तरुण प्राध्यापकांनी हे संकोच न करता वापरावे. एन-मुक्टोसारख्या प्राध्यापक संघटनेकडेही जा. जुन्या प्रकरणांची आणि या विषयातल्या वकिलांची माहिती तिथे मिळू शकते.

पायरी ७: स्थगिती आणि सुनावणी

संस्थेने आधीच कॅव्हेट दाखल केले असेल तर तिला ऐकल्याशिवाय अंतरिम आदेश निघत नाही, म्हणून ते आधी तपासा. तुम्हाला कार्यमुक्त केले गेले असेल तर स्थगिती अवघड जाते. अशा वेळी दुसरी मागणी तयार ठेवा: अपील चालू असेपर्यंत ते पद कायमस्वरूपी भरू नये, किंवा भरले तर ते अपिलाच्या निकालाच्या अधीन असावे. स्थानिक वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पद भरले गेले तर नव्या उमेदवारालाही पक्षकार करा.

संस्थेचे उत्तर आले की त्यात जोडलेले मेमो तपासा. जे तुम्हाला कधी मिळालेच नाहीत, ते तिथे पहिल्यांदा दिसू शकतात. जावक क्रमांक, आधीच्या आणि नंतरच्या जावक नोंदी, आणि तुमची पोच आहे का, हे पाहून मूळ जावक नोंदवही हजर करण्याची मागणी करा. तारखेला स्वतः हजर राहा. गैरहजेरीत अपील निकाली निघाले तर ते पुन्हा उभे करण्यात महिने जातात.

पायरी ८: निकालानंतर

निकाल विरुद्ध गेला तर पुढचा मार्ग खंडपीठात रिट याचिकेचा. तिथे न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही, न्यायाधिकरणाची चूक दाखवावी लागते. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे जोडावी लागतात, त्यासाठी वेळ राखून ठेवा. प्रमाणित प्रतीचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्या.

निकाल बाजूने लागला तर दुसऱ्याच दिवशी आदेशाच्या प्रतीसह रुजू अहवाल घेऊन महाविद्यालयात जा. रुजू करून घेतले नाही तर तो अहवाल पोचपावतीसह पाठवा आणि प्रती विद्यापीठाला व सहसंचालकांना द्या. या अहवालाची तारीख पुढे पगाराच्या हिशोबात फार कामी येते. संस्था खंडपीठात जाऊन स्थगिती मागेल असे धरूनच चाला आणि तिथे स्वतःचे कॅव्हेट आधी दाखल करा. ते ९० दिवस टिकते. त्या आत संस्थेची याचिका आली नाही तर नव्याने दाखल करावे लागते.